हसू वऱ्हाडचे, गल्ला कुणाचा?

थोड्या भांडवलात काढलेला, नावाजलेला नट नसलेला, महाविद्यालयातील पोरांच्या टवाळखोरीवर उभारलेला एखादा विनोदी चित्रपट धो धो चालला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे ताबडतोब बोलू लागतात. पहिली चित्रपटाच्या धंद्यातली. त्यांच्या मते हा लहान माणसाने बड्या माणसावर मिळवलेला विजय असतो आणि आता कोणीही उठावे, चित्रपट काढावा व श्रीमंत व्हावे, इतकी लोकशाही पडद्यावर अवतरलेली असते. दुसरी माणसे संस्कृतीची राखणदार. त्यांच्या मते हा अभिरुचीचा अधःपात असतो आणि तरुण पिढी हाताबाहेर गेल्याचा तो आणखी एक पुरावा असतो. दोघांचा आवाज मोठा आहे. परंतु ज्या प्रेक्षकाच्या नावाने ही दोघे भांडतात, त्या प्रेक्षकाला काही विचारावे असे दोघांपैकी एकालाही वाटत नाही.

आम्ही ज्याच्याविषयी बोलत आहोत तो प्रेक्षक अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या महाविद्यालयात शिकतो. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, अंजनगाव या बाजूंनी तो एस.टी.च्या पासावर रोज ये-जा करतो, किंवा चौघांत मिळून एक खोली भाड्याने घेऊन राहतो. त्याने त्या चित्रपटाचे तिकीट का काढले, आणि त्याने खिडकीत टाकलेल्या पैशाचे पुढे काय झाले, हे दोन प्रश्न कोणी विचारीत नाही. आम्हाला तेच विचारावयाचे आहेत.

उदाहरण डोळ्यांसमोर असावे म्हणून 'बॉईज' घेऊ. विशाल देवरुखकर यांनी दिग्दर्शित केलेला आणि अवधूत गुप्ते यांनी प्रस्तुत केलेला हा चित्रपट सप्टेंबर २०१७ मध्ये पडद्यावर आला. तीन मित्र, त्यांची निवासी शाळा, त्यांच्या खोड्या आणि वयात येण्याची धांदल एवढाच त्याचा ऐवज होता. २०१८ मध्ये दुसरा भाग आला आणि पोरे शाळेतून महाविद्यालयात आली. २०२२ मध्ये तिसरा आला, २०२३ मध्ये चौथा. चित्रपटाच्या धंद्यात दुसरा भाग कोणी भावनेपोटी काढीत नाही, आणि चौथा तर मुळीच नाही. तेव्हा गल्ल्याचे आकडे देण्याची येथे गरज नाही. चार भाग निघाले हाच यशाचा दाखला आहे. ही वाट त्यापूर्वीच मोकळी झाली होती. सुहास शिरवळकर यांच्या कादंबरीवरून संजय जाधव यांनी २०१३ साली केलेली 'दुनियादारी' आणि रवी जाधव यांचा २०१४ च्या प्रारंभी आलेला 'टाइमपास' या दोन चित्रपटांनी दाखवून दिले होते की, मराठी तरुण मराठी चित्रपटाला रांग लावतो. फक्त त्याच्या वयाचे काहीतरी त्याला दिसावयास हवे.

प्रथम राखणदारांचा समाचार घेऊ. 'बॉईज'मधील द्व्यर्थी संवादांवर टीका झाली. ती टीका सर्वस्वी खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. या धाटणीच्या बहुतेक चित्रपटांत मुलगी ही एक तर बक्षीस असते नाही तर सापळा. तिला स्वतःची परीक्षा नसते, स्वतःची भीती नसते, स्वतःचा विनोदही नसतो. वऱ्हाडातील खेड्यातून घराण्यातली पहिली पदवी घेण्यासाठी शहरात येणारी मुलगी हा चित्रपट पाहते तेव्हा तिच्या बाकावरच्या पोरांनी तिच्याकडे कसे पाहावे, याचे धडे तिच्याच तिकिटाच्या पैशांतून दिले जात असतात. हा आक्षेप खरा आहे आणि तो मोठ्याने घेतला पाहिजे. परंतु राखणदारांचा आक्षेप तो नव्हेच. त्यांना त्या मुलीची चिंता नाही. त्यांना पोरे हसतात याचीच चिंता आहे. तरुणांनी एकत्र जमून, शिक्षकाची, बापाची आणि प्राचार्यांची टिंगल करीत मोकळेपणाने हसावे, हेच त्यांच्या जिवावर येते.

अशा सज्जनांना वऱ्हाडाची आठवण करून दिली पाहिजे. या भूमीने हसण्याला कधी कमी लेखलेले नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी कीर्तनात उभ्या महाराष्ट्राला हसवले. ते वऱ्हाडीत प्रश्न विचारीत, श्रोत्यांकडून उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरातूनच श्रोत्याच्या देवभोळेपणाची, कर्जाची, नवसासाठी कापलेल्या बकऱ्याची अशी थट्टा उडवीत की, समोरचा समुदाय पोट धरून हसे व घरी जाताना मान खाली घालून जाई. त्या हशात कोणाही दुबळ्याला लाथ बसत नसे. सावकार, बडवा, पुढारी आणि स्वतः श्रोता यांच्यावर तो हशा कोसळत असे. आज अमरावतीच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते थट्टेचे एवढे मोठे आचार्य होते. तेव्हा विनोदाला नाक मुरडणाऱ्यांनी निदान या विद्यापीठाच्या आवारात तरी ते मुरडू नये. चित्रपट विनोदी आहे ही आमची तक्रार नाही. हशा कोणावर कोसळतो आणि कोणाला वाचवतो, तेवढेच आम्ही पाहतो.

आणि येथेच पडद्यावरचे महाविद्यालय तपासून पाहावे लागते. या चित्रपटांतील महाविद्यालयाला फी नसते. परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख नसते. शिष्यवृत्तीची रक्कम खात्यावर कधी जमा होईल, म्हणून कार्यालयाच्या खिडकीशी हेलपाटे घालणारा विद्यार्थी तेथे नसतो. तासिका तत्त्वावर नेमलेला, वर्षातले काही महिनेच मानधन मिळवणारा आणि पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नसलेला प्राध्यापक तेथे नसतो. तेथील प्राध्यापक एक तर वेंधळा असतो नाही तर खाष्ट, आणि दोन्ही अवस्थांत तो कायम नोकरीत असतो. वसतिगृह असते, पण त्यातील गाद्या, जेवण, पाणी यांवर उपोषणाला बसलेली मुले नसतात.

विसंगतीचे याहूनही चांगले उदाहरण आहे. महाविद्यालयीन चित्रपट म्हटला की दोन गट, त्यांची खुन्नस आणि मधोमध पेटलेली निवडणूक, हा मसाला ठरलेला. महाराष्ट्रात मात्र १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद केल्या आणि गुणवत्तेच्या नावाखाली नेमणुकांची पद्धत आणली. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. २०१९ साली त्या घेण्याची वेळ आली तेव्हा त्या लांबणीवर टाकण्यात आल्या. म्हणजे १९९४ नंतर जन्मलेल्या आमच्या विद्यार्थ्याने महाविद्यालयातील निवडणूक पाहिली ती चित्रपटात. जो अधिकार कायद्याच्या पुस्तकात अडकून पडला, तो त्याला अडीच तास अंधारात बसवून तिकिटावर विकला जातो, आणि तोही मारामारी व शिट्ट्यांच्या वेष्टनात. मग 'विद्यार्थ्यांना राजकारण कळत नाही' असे म्हणण्यास आपण मोकळे!

म्हणून आम्ही म्हणतो की, हा मुलगा तिकीट काढतो यात त्याची अभिरुची बिघडल्याचा प्रश्न फार थोडा आहे. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली ती कुणब्याच्या, माळ्याच्या, दलिताच्या पोराला वर्गात जागा मिळावी म्हणून. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा हा पश्चिम विदर्भ, पुढे वेगळा झालेल्या वाशीमसह, त्याच्या कक्षेत आला. वर्गात जागा मिळाली हे खरे. परंतु शिकत असताना तरुण असण्याची जी फुरसत शहरी मध्यमवर्गाच्या मुलाला आपोआप मिळते, ती या मुलाच्या वाट्याला आली नाही. याच पाच जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी दोन दशकांहून अधिक काळ देशाची वर्तमानपत्रे भरली आहेत. त्या घरांतून आलेला मुलगा पहाटे पोलीस भरतीसाठी धावतो, दुपारी वर्गात बसतो, संध्याकाळी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उघडतो आणि रात्री घरी दूरध्वनी करून सोयाबीनचा भाव विचारतो. त्याला बेफिकीर तारुण्य हवे आहे आणि ते त्याला पडद्यावर पाहावे लागते. पडदा त्याला ते तारुण्य विकतो. ते त्याच्यापासून हिरावले कोणी, हे मात्र सांगत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे पैशाकडे वळू. येथे वऱ्हाडाचा एक विसरलेला इतिहास सांगितला पाहिजे. हिंदुस्थानचा चित्रपट व्यवसाय नकाशाची स्वतःची विभागणी करतो आणि तिला सर्किट म्हणतो. त्यातील एका सर्किटचे नाव आजही 'सी.पी. बेरार' असेच आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड हे प्रांताचे नाव १९५० साली गेले, १९५६ साली विदर्भही त्या राज्यातून बाहेर पडला. पण चित्रपट व्यापाऱ्याच्या वहीत तो प्रांत अजून नांदतो आहे. या सर्किटच्या व्यवहारात भुसावळप्रमाणेच अमरावती हे वितरणाचे एक प्रमुख ठाणे होते. विदर्भ, महाकोशल, छत्तीसगड या पट्ट्यात कोणता चित्रपट कोणत्या टॉकीजला किती भावाने द्यावयाचा, याचे सौदे येथे होत. रिळांचे डबे येथे उतरत आणि येथून आगगाडीने व एस.टी.ने पुढे रवाना होत. चित्रा चौक, श्याम चौक, प्रभात चौक ही अमरावतीच्या चौकांची नावे टॉकीजांवरून पडलेली आहेत. ज्या शहराचा माणूस पत्ता सांगतानादेखील टॉकीजचे नाव घेतो, त्या शहराचे चित्रपटाशी नाते किती जुने आहे हे वेगळे सांगावयास नको.

परंतु या नात्याचे स्वरूप कोणते? वितरक मुंबईच्या निर्मात्याला आगाऊ रक्कम मोजी, ती वसूल होण्याची जोखीम अंगावर घेई आणि आपले कमिशन काढून बाकीचा पैसा मुंबईस रवाना करी. अमरावतीत चित्रपट विकले जात. ते घडावेत असे कोणाला वाटले नाही. वाटले असेल तर भांडवल लाभले नाही. पुढे रिळे गेली, उपग्रहावरून थेट पडद्यावर चित्रपट उतरवणारी यंत्रणा आली, आणि डब्यांवर चालणाऱ्या या पेठेचे महत्त्वही ओसरले. म्हणजे मधल्या दलालीचा जो हिस्सा वऱ्हाडात राहत होता, तोही आटला.

आजच्या तिकिटाचा हिशेब साधा आहे. दीडशे रुपयांचे तिकीट धरा. शंभर रुपयांवरील तिकिटावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे दीडशेपैकी सुमारे २३ रुपये सरकारचे. उरलेल्या १२७ रुपयांची वाटणी पडद्याचा मालक आणि चित्रपटाचा मालक यांच्यात होते. हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सचे चालक यांच्यात २००९ साली संप होऊन जी तडजोड झाली, तिच्यात पहिल्या आठवड्यात निर्मात्याच्या बाजूस ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि नंतर ३० टक्के, अशी उतरती भाजणी ठरली. हा धंद्याचा स्वभाव आहे. चित्रपटाने जे कमवायचे ते पहिल्या आठवड्यात, खरे म्हणजे पहिल्या तीन दिवसांत कमवावे. ज्याच्यापाशी जाहिरातीचे बळ आहे तो पहिल्या तीन दिवसांत गर्दी खेचतो. ज्याच्यापाशी ते नाही, त्याचा चित्रपट तोंडी कीर्तीवर चालतो, आणि तोंडी कीर्ती दर्यापूरपर्यंत पोचते तेव्हा दुसरा आठवडा सुरू झालेला असतो व पडद्यावर दुसराच चित्रपट लागलेला असतो.

म्हणून 'कमी भांडवलाचा विजय' या घोषणेला आम्ही फसत नाही. चित्रीकरणाचा खर्च कमी असेल. तो लोकांपर्यंत पोचवण्याचा खर्च कमी नसतो. 'दुनियादारी'ची हकीकत आठवा. चित्रपट रांगा लावून चालत होता. ऑगस्ट २०१३ मध्ये 'चेन्नई एक्स्प्रेस' आला आणि चालता मराठी चित्रपट पडद्यावरून उतरवला जाण्याची वेळ आली. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने इशारा दिला, गवगवा झाला आणि मार्ग निघाला. त्या पक्षाच्या पद्धतीशी आमचे सख्य नाही. दमदाटीने टिकलेला चित्रपट हा संस्कृतीचा विजय म्हणता येत नाही. परंतु या प्रसंगाने एक गोष्ट उघडी पाडली. ज्या चित्रपटाला प्रेक्षक आहे, ज्याचा गल्ला भरतो आहे, त्यालाही पडद्यावर राहण्याची शाश्वती नाही. बाजाराचा नियम प्रेक्षकाच्या मागणीवर चालतो असे जे अर्थशास्त्र आम्हाला पढवले जाते, त्याचा येथेच फज्जा उडतो. पडद्याची किल्ली ज्याच्या हाती आहे, मागणीही तोच ठरवतो.

सरकारचे काय? महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला करमणूक कर माफ होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, करमणूक कर त्यात विलीन झाला आणि त्या माफीलाही अर्थ उरला नाही. 'बॉईज' त्यानंतर दोनच महिन्यांनी पडद्यावर आला. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आणला गेला ही चांगली गोष्ट आहे. पण शंभर रुपयांच्या आत तिकीट देणारी टॉकीज तालुक्याच्या गावात उरली आहे काय, हे कोणी पाहावयाचे? एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवावेत असा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. ओरड होताच 'मोक्याची वेळ' दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत ताणण्यात आली. दुपारी बाराचा खेळ कोणासाठी? ज्याला वर्ग नाही, शेत नाही आणि कामही नाही, त्याच्यासाठी! मराठी चित्रपटांना अनुदान आहे. परंतु ते चित्रपट पुरा करून, प्रमाणपत्र घेऊन, परीक्षकांपुढे ठेवल्यानंतर मिळते. ज्याच्याजवळ आधी चित्रपट पुरा करण्याइतका पैसा आहे, त्यालाच ही मदत पोचते. पेरणी स्वतःच्या पैशाने करा, पीक उभे राहिले तर बियाण्याचे पैसे देऊ, असाच हा न्याय आहे. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हा न्याय चांगला परिचयाचा आहे.

शेतकऱ्याचे नाव आले ते सहज आलेले नाही. वऱ्हाडाचा आणि मुंबईचा व्यवहार दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा साचा कापसाने घालून दिला. मुख्य रेल्वेमार्गापासून अमरावतीला आणि खामगावला जे फाटे फुटले, ते कापसाच्या गाठी लवकर बंदरावर पोचाव्यात म्हणून. सरकी येथे निघाली, गाठ येथे बांधली गेली. सूत, कापड आणि नफा दुसरीकडे झाला. अकोला, बडनेरा, अचलपूर येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या नाहीत असे नाही. पण त्यांची धुराडी पुढे थंडावली आणि कापूस पुन्हा गाठीच्याच रूपाने जिल्ह्याबाहेर जाऊ लागला. आपण पिकवलेल्याचे कापड आपण दुकानातून विकत घ्यावे, ही सवय वऱ्हाडाला अशी लागली.

आता हसण्याचेही तेच होत आहे. वऱ्हाडी बोली आज सर्वांना हसवते. अमरावतीचे भारत गणेशपुरे यांनी 'चला हवा येऊ द्या' या २०१४ साली सुरू झालेल्या कार्यक्रमातून ती घराघरांत नेली. त्यांच्या गुणवत्तेबद्दल आम्हाला आदरच आहे. नटाला जी भूमिका मिळते तीत त्याने जीव ओतावा, आणि तो त्यांनी ओतला. दोष त्यांच्याकडे जात नाही. दोष त्या व्यवस्थेचा आहे जिला वऱ्हाडी बोलणारा माणूस फक्त हसण्यापुरता हवा असतो: शिपाई म्हणून, हवालदार म्हणून, गावाकडून आलेला चुलता म्हणून. नायक प्रेमात पडतो तेव्हा प्रमाण मराठी बोलतो. वऱ्हाडी पोराला पडद्यावर आपल्या बोलीत विनोद करता येतो, पण आपल्या बोलीत प्रेम करता येत नाही, रागावता येत नाही, विचारही करता येत नाही. महाविद्यालयाचे चित्रपट तर बहुतेक पुण्या-मुंबईच्याच आवारात घडतात. आमच्या पोरांचे टोमणे, टोपणनावे, चहाच्या टपरीवरची बोलाचाली हा कच्चा माल येथून उचलला जातो, आणि तिकडे त्याचे कापड होऊन तो आम्हाला दीडशे रुपयांना परत मिळतो.

'तुमच्याकडे कोणी गुणी माणूस नाही, त्याला आम्ही काय करावे,' असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर आहे. उद्धव शेळके यांनी १९६० साली 'धग' लिहिली. वऱ्हाडी बोलीत माणसाचे सर्व दुःख व्यक्त होऊ शकते, हे त्या कादंबरीने एकदाच आणि कायमचे सिद्ध केले. अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांचे 'काळ्या मातीत मातीत' हे गीत १९८१ च्या 'अरे संसार संसार' या चित्रपटातून साऱ्या महाराष्ट्राच्या ओठी गेले. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक राजदत्त हे धामणगावचे, म्हणजे अमरावती जिल्ह्याचेच. गाडगेबाबांच्या जीवनावरचा 'देवकीनंदन गोपाला' त्यांनीच १९७७ साली दिग्दर्शित केला. माणसे होती आणि आहेत. प्रत्येकाला चित्रपट करण्यासाठी वऱ्हाड सोडावे लागले, एवढाच काय तो प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप अधिक नवा आहे. 'आता हातातल्या दूरध्वनीवर चित्रपट काढता येतो. कोणी अडवले आहे?' असे म्हणतात. अडवलेले नाही, हे कबूल. अमरावती विद्यापीठाच्या युवक महोत्सवात प्रहसने आणि एकांकिका करणारी मुले आपल्या गावातील पाणीटंचाई, परीक्षेचा गोंधळ, पीक विम्याचा फार्स यांवर रंगमंच हलवून सोडतात, आणि त्यांतील काही जण स्वतःच्या चित्रफितीही काढतात. परंतु चित्रफीत काढता येणे वेगळे आणि त्यावर पोट भरता येणे वेगळे. जिच्यावर ती दाखवली जाते त्या यंत्रणेचे धनी परदेशात बसलेले आहेत. जाहिरातीचा भाव तेच ठरवतात आणि कोणाला किती दाखवायचे तेही तेच ठरवतात. सर्किटचा वितरक निदान अमरावतीच्या पेढीवर भेटत असे, त्याच्याशी भांडता येत असे. या नव्या वितरकाला दारही नाही आणि खिडकीही नाही.

तेव्हा करावे काय? नुसता निषेध करून थांबण्यात अर्थ नाही. आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत.

पहिली मागणी पडद्याची. अमरावती व अकोला या महानगरपालिकांनी आणि तालुक्याच्या नगरपरिषदांनी आपापल्या सार्वजनिक सभागृहांत चित्रपट दाखवण्याची यंत्रे बसवावीत आणि शंभर रुपयांच्या आत तिकीट ठेवून ती चालवावीत. नाट्यगृह बांधणे हे पालिकेचे कर्तव्य असेल, तर पडदा उभारणे हे का नसावे? चालता चित्रपट उतरवायचा की ठेवायचा, हा निर्णय तेथे आलेल्या प्रेक्षकांच्या संख्येवर व्हावा आणि ती संख्या दारावर लिहून लावावी.

दुसरी मागणी अनुदानाची. पहिला चित्रपट काढणाऱ्यास अनुदानाचा काही हिस्सा संहिता मंजूर होताच मिळावा, काही चित्रीकरण चालू असताना, आणि उरलेला शेवटी. मुंबई-पुण्याबाहेर राहून, तेथील नट-तंत्रज्ञ घेऊन काम करणाऱ्यास त्यात वेगळा वाटा राखून ठेवावा. सूतगिरण्या आणि साखर कारखाने सहकारी तत्त्वावर काढण्यास ज्या राज्याने भागभांडवल दिले, त्या राज्यात नट, लेखक, छायाचित्रकार यांची सहकारी संस्था चित्रपट का काढू शकत नाही, याचे उत्तर मंत्रालयाने द्यावे. सहकाराला जी कीड लागली ती येथेही लागेल, अशी भीती आम्हालाही आहे. पण कीड लागते म्हणून कोणी कापूस पेरणे सोडून दिलेले नाही.

तिसरी मागणी महाविद्यालयाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. पडद्यावर जे बेफिकीर तारुण्य विकले जाते, ते मुळात आमच्या विद्यार्थ्याचा हक्क आहे. शिष्यवृत्ती वेळेवर द्या. रिक्त जागांवर कायम प्राध्यापक नेमा. कायद्यात लिहिलेल्या निवडणुका घ्या. वसतिगृहात राहण्याजोग्या खोल्या आणि खाण्याजोगे अन्न द्या. मग पाहा, हीच मुले आपला विनोद आपण कसा लिहितात ते. त्यात प्राचार्यांची थट्टा असेल, संस्थाचालकांची असेल, पालकमंत्र्यांची असेल आणि आमच्यासारख्या उपदेश करणाऱ्यांचीही असेल. बाकावरच्या मुलीला त्यात बोलावयास मिळेल, आणि ती जे बोलेल ते ऐकून पुष्कळांचे हसू मावळेल.

कमी भांडवलाच्या महाविद्यालयीन विनोदी चित्रपटाने पैसा मिळवला, याचे आम्हाला वैषम्य नाही. त्यात काम केलेल्या तरुण नटांना त्यांच्या कष्टाचे मोल मिळाले असेल, तर आनंदच आहे. चित्रपटगृहात जाऊन हसणाऱ्या आमच्या मुलांनाही आम्ही दोष देत नाही. त्यांच्या वाट्याला हसण्याचे प्रसंग आधीच थोडे आहेत. परंतु वऱ्हाडाने कापूस पिकवावा, बोली पुरवावी, प्रेक्षक पुरवावा आणि शेवटी तिकीटही काढावे, हा करार वऱ्हाडाने कधी केलेला नाही. तो त्याच्यावर लादला गेला आहे. लादलेला करार मोडावा लागतो. अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थी संघटनांनी, नाट्यसंस्थांनी आणि नगरसेवकांनी तो मोडण्याची सुरुवात आपल्याच गावच्या सभागृहापासून करावी. पालिकेचे अंदाजपत्रक दरवर्षी मांडले जाते. येत्या अंदाजपत्रकात एका पडद्याची तरतूद करून घेणे एवढे काही अवघड नाही.